डोळ्यांनी पाहिलेला चटका

खंडेराव मार्केटात मी वांगी निवडत होते, तेवढ्यात शेजारून कोणीतरी "वन्सं!" म्हणून हाक मारली. मला अशी हाक मारणारी जगात एकच बाई होती, आणि तिला माझ्या भावापासून सोडवून तीन वर्षं झाली होती. सोडवलं मीच. त्यापायी निम्मं बडोदं मला नावं ठेवत होतं, आणि मी ती नावं दागिन्यांसारखी मिरवत होते.

निरुपमा सुरतेहून माहेरी आली होती. दुसरं लग्न झालेलं, कडेवर गुटगुटीत मुलगी, चेहरा भरलेला. मला इतका आनंद झाला की हातातली वांगी तशीच टोपलीत टाकली. संस्थानात घटस्फोटाचा कायदा आला तेव्हा धर्म बुडाला म्हणून गळा काढणाऱ्यांना तिथेच बोलावून दाखवावंसं वाटलं, की बघा, ही बाई हसते आहे.

मुलीला सावरताना तिच्या बांगड्या वर सरकल्या आणि मनगटावरचा तो लांबट डाग दिसला.

"अजून दुखतो का गं?" मी विचारलं.

"कोणता? हा होय?" तिने हात उलटा करून पाहिला. "छे हो! तव्याचा चटका तो, किती दिवस दुखणार?"

"चिमट्याचा," मी म्हणाले. "आमच्या पद्माकरने दिलेला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. भाजीवाली "बेन, केटलां तोलुं?" म्हणून किती वांगी तोलायची ते दोनदा विचारून गेली.

"वन्सं, तुम्हाला खरंच तसं वाटत होतं?" निरुपमा हळूच म्हणाली. "मी पोळ्या करत होते. हे भांडून केव्हाच बाहेर गेले होते. वकिलांनी डागाबद्दल विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच सांगितलंत, नवऱ्याने चिमटा तापवून लावला म्हणून."

"मग तू 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"नाही म्हटलं असतं तर सुटले असते? ते वाईट नव्हते हो. मला त्यांच्याबरोबर राहायचं नव्हतं, एवढंच. पण एवढ्याला कायद्यात कलम नव्हतं." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि कोर्टात तुम्ही डोळ्यांनी पाहिलं म्हणालात, तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी जाणूनबुजून खोटं बोलताय. मी मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार केला होता."

तिथल्या खांबाला धरून मी उभी राहिले.

मी पाहिलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तीन वर्षं ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा निरुपमा रडत होती, हात पोळलेला होता, भिंतीवर भिरकावलेल्या ताटाची आमटी वाळली होती. मला विचारायची गरजच वाटली नाही. आमच्या भगिनी मंडळात येणाऱ्या कितीतरी जणींना साक्षीदार नाही म्हणून रडत परत जाताना मी पाहिलं होतं. घडलेलं खरंच आहे, मग 'पाहिलं' म्हटलं तर काय बिघडलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ईश्वरसाक्ष शपथ घेतली. पण घडलेलंच खोटं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पद्माकर तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. निकालानंतर आठवड्याभरात त्याला काढलं. नव्या कायद्यावर उखडलेल्या काही पेन्शनर मंडळींनी पुरुष-संरक्षक सभा काढली होती. तिचे चिटणीस रमाकांतराव यांनी 'निर्दोष पतीवर बालंट' म्हणून एक चोपडं छापलं. बायका शिकल्या की खोटारड्या होतात, असले अकलेचे तारे त्यात पानापानावर तोडले होते. मी ते फाडून बंबात घातलं. आता कळत होतं की त्या सगळ्या कचऱ्यात एक वाक्य खरं होतं, आणि तेच नेमकं माझ्या भावाबद्दल होतं.

वांगी न घेताच मी टांगा केला आणि मकरपुऱ्याला पद्माकरकडे गेले. तीन वर्षांत त्याच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. एक भाऊबीज नाही, एक पत्र नाही.

तो आता दुकानांच्या पाट्या रंगवत होता. खोलीभर टर्पेंटाइनचा वास होता. मला पाहून त्याने कुंचला खाली ठेवला.

"ये ताई," म्हणाला. "चहा बाहेरून आणतो. इथे चूल नाही."

"तू जेवतोस कुठे?"

"खानावळीत."

"घरात साधी चूल नाही?"

"नको वाटते," तो म्हणाला.

मला धीर धरवेना. उभ्या उभ्याच मी म्हणाले, "पद्मा, मी खोटं बोलले. कोर्टात. मी काही पाहिलं नव्हतं."

तो रागावेल, हाकलून देईल, असं सगळं मी टांग्यात ठरवून आले होते. तो नुसता गोंधळल्यासारखा बघत राहिला.

"पण तू तर पाहिलंस ना?"

"नाही रे. निरुपमा आज भेटली. तवा लागला होता तिला. तू घरातही नव्हतास."

तो खाली सतरंजीवर बसला.

"त्या संध्याकाळी मी फार संतापलो होतो," तो मग म्हणाला. "ताट भिरकावलं ते आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट कमाठीबागेतल्या बाकावरचं. मधलं काहीच आठवत नाही. निरुपमाच्या अर्जातलं ते चिमट्याचं वाचलं तेव्हा मी हसलो होतो. पण मग तू उभी राहिलीस. लहानपणी मी पेरू चोरले म्हणून नानांना सांगून मला मार खायला लावणारी तू. जन्मात खोटं बोलली नाहीस. मी म्हटलं, ताईने पाहिलं, म्हणजे मी केलंच असणार."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"रमाकांतराव दोनदा येऊन गेले," तो सांगत होता. "म्हणाले, व्यासपीठावर या, मी निर्दोष आहे एवढं बोला. मी नाही म्हटलं. मलाच खात्री नव्हती ना. लग्नाचं एक स्थळही आलं होतं. पण म्हटलं, एकदा हातून झालं, पुन्हा झालं तर?"

"पद्मा, मी उद्या वकिलाकडे जाते. लिहून देते. शाळेत जाते, सभेत जाते, म्हणशील तिथे सांगते."

त्याने मान हलवली. ते सगळं त्याला ऐकूच गेलं नसावं.

"आधी मला सांग," तो म्हणाला. "नीट सांग."

"मी काही पाहिलं नव्हतं," मी म्हणाले.

"परत सांग."

"पद्मा, मी काही पाहिलं नव्हतं. तू काही केलं नव्हतंस."

"आणखी एकदा," तो म्हणाला.