लेव्हलमधली मोरी

"पानी जाईना! मघाधरनं बसलंय माज्या पायाशी, पावन्यावानी. उठतंबी नाय, जातंबी नाय."

मोरीच्या अर्ध्या भिंतीआडून सासूबाईंची कुरकुर आली आणि मंजुळाचा स्टोव्हला पिन मारणारा हात थांबला. रंगूबाई बोंबील धुवायला बसल्या होत्या. त्या पुटपुटायच्या स्वतःशीच, पण अर्ध्या बाळकुम गावाला ऐकू जाईल अशा बेतानं. मोरी नवी होती. नाथाने, त्यांच्या लेकानं, आपल्या हातानं कोबा केला, फरशी बसवली, आठवडाभर तिच्यात कुणाला पाय टाकू दिला नाही. आज पहिलं पाणी पडलं होतं.

नाथा ओसरीवरून आत आला. "काय झालं, आये?"

"व्हायचंय काय? फरशी झ्याक झालीय. फकस्त पानी जात नाय."

नाथाने फळीवरून एक लांबट पुडकं काढलं, पिवळं कापड घडीघडीनं उलगडलं आणि आतली लेव्हल फरशीवर ठेवली. काचेतला बुडबुडा जरासा हलला आणि दोन रेघांच्या बरोबर मध्ये जाऊन बसला. नाथाने ती आडवी ठेवून पाहिली, उभी ठेवून पाहिली.

"बरोबर हाय की," तो म्हणाला. "केसाचा फरक नाय."

"मंग पान्याला सांग तसं."

मंजुळाला हसू फुटलं आणि तोंडातल्या तोंडात विरलं. मोरीला भोकाकडे ढाळ लागतो, हे गवंड्याच्या हाताखालच्या बाईलाही ठाऊक असतं. नाथालाही ठाऊक असणार. पण कंपनीत उभा जन्म मशीनं बसवण्यात गेला. मशीन केसभर कललं तर रात्री झोप न येणारा माणूस तो. हातात लेव्हल आली की त्याला काही तिरकं ठेवताच येईना, त्याला तो काय करणार?

ती लेव्हल कंपनीचीच. दाराची चौकट तपासायला म्हणून एका शनिवारी स्टोअरमधून मागून आणली, आणि सोमवारी परत करायला गेला तर गेटला कुलूप. त्याला आता दोन पावसाळे उलटले. रोज संध्याकाळी नाथा ती पुसायचा, मंजुळा कापड पुढे करायची, तो गुंडाळून ठेवायचा. पोरींनी हात लावायचा नाही. "कंपनीची वस्तू हाय. द्यायचीय परत."

कंपनी उघडेपर्यंत म्हणून बापाचं जुनं कौलारू घर दुरुस्तीला काढलं. कुडाच्या जागी विटांची भिंत आली, खिडक्या आल्या, गिलावा झाला. गावातले लोक विचारायचे, "काय नाथा, सध्या काय?" तो हातातली थापी दाखवायचा. "घर काढलंय ना करायला." थापी बघून माणसं पुढचं विचारत नसत. मंजुळाही बाजारात मासळी विकताना तेच सांगायची: "घराचं काम चाललंय, त्यांना कुठली उसंत."

पण गेल्या महिन्यात त्याने चांगली बसवलेली फळी उतरवली. म्हणे सूतभर खाली आहे. मग खिडकी काढून पुन्हा बसवली. तेव्हा मंजुळाच्या ध्यानात आलं. घर संपत आलं होतं. मोरी शेवटची. त्यानंतर हा माणूस सकाळी उठून हातात काय धरणार?

म्हणून खरं सांगायचं तर पाणी अडलं तेव्हा तिला थोडं बरं वाटलं. आणि तसं वाटल्याची लगेच भीतीही वाटली.

"फोडावी लागंल," नाथा छन्नी शोधत म्हणाला. त्याचा चेहरा अगदी उजळला होता.

एवढ्यात गुणाजी आला. कंपनीत हा नाथाच्या हाताखाली पाने-पकडी उचलून द्यायचा. आता मानपाड्याच्या एका छोट्या कारखान्यात मशीनं सांभाळत होता आणि शर्टाच्या खिशाला पेन लावत होता. चहा नको म्हणत तो उंबऱ्यावरच टेकला.

"दादा, जागा भरायला शेठ उद्यापर्यंतच थांबणार. परवा दुसरा माणूस येतोय. मी सांगितलंय त्यांना, ज्याच्याकडून शिकलो तोच माणूस आणतो म्हणून. माझ्या हाताखाली नाय हां, बरोबरीनं."

"अरे, घराचं काम काढलंय ना."

"घर तर झालं की!"

"मोरी फोडायचीय. आनि समज, मदीच कंपनीचं बोलावनं आलं तर? शेठला अर्ध्यात सोडायचं? बरं दिसतं का ते?"

गुणाजीने मंजुळाकडे पाहिलं. मंजुळाने स्टोव्हकडे पाहिलं. रंगूबाई पाण्याकडे बघत राहिल्या.

मंजुळाच्या जिभेवर शब्द होते. बाजाराची टोपली घेऊन ती रोज कंपनीच्या गेटवरून जायची. तीन आठवड्यांपूर्वी तिने पाहिलं होतं. मागची भिंत पाडून क्रेन आत घातलेली आणि मोठाली मशीनं ट्रकवर चढत होती, लग्नाचा मांडव उतरवावा तशी. त्या दिवशी तिचे पापलेट पडून राहिले. घरी येऊन मात्र तिने फक्त म्हटलं, आज बाजार थंड होता.

गुणाजी उठला. अंगणात हळूच म्हणाला, "वैनी, तुमीच सांगा ना त्यांना."

"काय सांगू, भावजी?"

"सकाळी आठच्या आत आले तर बरं," एवढंच म्हणून तो गेला.

मंजुळा आत आली तेव्हा नाथा मोरीच्या कोपऱ्यात छन्नी टेकवून हातोडा उचलत होता. तिला काय सुचलं कोण जाणे. ती पातळ सावरून सरळ त्या पाण्यात जाऊन बसली.

"उठ गं. लागंल."

"फोडू नका. मी खराट्यानं लोटीन पाणी."

"रोज?"

"रोज."

"आनि जन्मभर?"

"लोटीन. मासळी धुण्यात जन्म गेला माझा, पाणी लोटायला काय लागतंय? पण उद्या तुम्ही..." पाण्यात बसून तिचं सगळं पातळ भिजलं होतं.

रंगूबाई उठल्या. दाराआडचा खराटा घेऊन सुनेला वळसा घालून पाणी भोकाकडे लोटू लागल्या. सर्र, सर्र. थोडं जायचं, थोडं परत यायचं.

नाथा बघत राहिला. मग त्याने हातोडा खाली ठेवला. लेव्हल उचलून शर्टाच्या टोकाला पुसली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मंजुळाने ओल्या हातानेच पिवळं कापड पुढे केलं.

त्याने ते घेतलं नाही. खुंटीवरची कामाची जुनी पिशवी काढली, झटकली, आणि लेव्हल तशीच उघडी तिच्यात ठेवली.

"अहो, कंपनीची..."

"द्यायची कोनाला?" तो म्हणाला. पिशवीचे बंद त्याने दोनदा बांधले, दोनदा सोडले. "माजं मशीन ट्रकवर चढताना मी बघितलंय, मंजुळा. तू पलीकडं टोपली घेऊन उभी होतीस." रंगूबाईंचा खराटा थांबला. "कंपनी आता उघडायची नाय."