चेअरमनचा लाल निरोप

कासुर्डीच्या डेअरीत दूध थंड ठेवणाऱ्या कूलरला तिथंच कामाला असलेल्या सीमानं फोनवर निरोप पाठवणारं सॉफ्टवेअर जोडलं, तेव्हा चेअरमन आनंदरावआप्पांची एकच अट होती: आपल्या फोनवर येणारा प्रत्येक निरोप लाल, ‘गंभीर’च हवा. चेअरमनला साधा निरोप शोभतो का? मग कूलरचं दार उघडलं तरी फोन कोकलायचा, आतला दिवा गेला तरी कोकलायचा. शेवटी वैतागून आप्पांनी त्याचा आवाजच बंद केला.

काल सीमानं निरोपांचे तीन खाने केले: दार ‘माहिती’त टाकलं, दिवा ‘इशाऱ्या’त. ‘गंभीर’ फक्त दूध गरम होऊ लागलं तरच. आणि आप्पांच्या फोनचा आवाज पुन्हा सुरू केला.

“म्हंजी आमच्या डेअरीत आता गंभीर काईच घडत न्हाई व्हय?” आप्पा फुगले.

आज डेअरीच्या सभेत त्यांचं भाषण ऐन रंगात आलं आणि फोन किंचाळला! निरोप खोटा निघाला तर सीमाचं काम गेलंच. आप्पा माईक टाकून कूलरकडं पळाले, मागं अख्खी सभा. कूलर खरंच बंद पडला होता! सीमानं तो चालू केला, तापमानाचा काटा खाली उतरू लागला, सगळं दूध वाचलं. एकच जल्लोष झाला.

“सीमा, माझं भाषण कुठल्या खान्यात गं?” आप्पांनी धापा टाकत विचारलं.

“माहितीत, आप्पा. आवाज बंद ठेवून.”