सैल पट्टा, उतरलेली पट्टी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी दमलेला आहे. बोलता बोलता माझा आवाज जड झाला तर मला वरून थापट्या मारू नका. थापट्या खाऊन मी आजवर कधीच सुधारलो नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला मी नुसता काळा डबा होतो. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मला पाच बटणं, जाळीचं तोंड, कॅसेटवर लागणारं पारदर्शक झाकण आणि तांदळाएवढा कान मिळाला. शेवटून दुसऱ्या बाईंनी माझ्या पोटात बांगडीएवढा रबरी पट्टा चढवला. मोटर फिरली की पट्टा फिरतो आणि पट्टा फिरला की कॅसेट फिरते. त्यांनी तो बोटाने ताणून सोडला आणि म्हणाल्या, "खणखणीत आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. त्यानंतर कित्येक वर्षं त्या पट्ट्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला घरी आणलं एका मुलीने, तिच्या पहिल्या पगारातून. ती एका मोठ्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची. दिवसभर दुसऱ्यांची नावं घेऊन घरी आली की माझ्यासमोर बसायची आणि शब्द नसलेलं काहीतरी गायची. मध्येच चमच्याने पेल्यावर टिचकी, मध्येच नळाची धार. पुढे तिचं लग्न झालं, तेव्हा तिचा नवरा विचारायचा, "हे गाणं सुरू कधी होणार?"

"संपलं," ती म्हणायची.

मग घरात बाळ आलं आणि मी लंगोटांच्या ढिगाखाली गेलो. माझी तक्रार नव्हती. तीसुद्धा त्याच ढिगाखाली होती.

बाळ आठ महिन्यांचं झालं तेव्हा एका ओळखीच्या माणसाने तिला निरोप धाडला. त्याचा छोटासा स्टुडिओ होता. "ते तुमचं बिनशब्दांचं गाणं अर्धा तासभर पुरं करून आणा, मी कॅसेट काढतो," असा तो निरोप. तिची दहा दिवसांची रजा उरली होती. त्यानंतर पुन्हा दवाखाना, पुन्हा नावं. तिच्या आत्याचं तळ्याकाठी दोन खोल्यांचं घर होतं. तिथे आम्ही गेलो: ती, बाळ, लंगोटांची पिशवी आणि मी.

आत्याबाई बाळाला बटण म्हणायच्या, कारण ते गोल होतं आणि दिसेल ते बटण दाबायचं. पहिल्याच संध्याकाळी तळ्यावरून गार वारा सुटला. आत्याबाईंनी मला हात लावून पाहिला.

"गारठलाय गं हा. पोटात ओल गेली असेल बिचाऱ्याच्या."

असं म्हणून त्यांनी मला चुलीजवळ, वाळत घातलेल्या लंगोटांशेजारी शेकायला ठेवलं. सगळी संध्याकाळ मी शेकत होतो. मित्रांनो, इतकी माया मला कोणीच लावली नव्हती. आणि त्या मायेनेच माझा पट्टा मऊ पडला, सैल झाला. दुसऱ्या दिवसापासून मी हळू चालायला लागलो.

कोणाच्या लक्षात येणार? जितक्या सावकाश मी ऐकायचो तितक्याच सावकाश ऐकवायचो. पेपर लिहिणारा मी आणि तपासणाराही मीच! असा पेपर मिळाला तर तुम्हीही वर्गात पहिले याल.

बटण दिवसातून दोनदा झोपायचं. तेवढाच तिचा वेळ. बाळाची मूठ सैल पडली की ती चवड्यांवर चालत मला मागच्या पायऱ्यांवर न्यायची. पाणी तिथून दोन हातांवर होतं. वारा लागू नये म्हणून मला टॉवेल गुंडाळायची आणि आवाज भरायचं लाल बटण दाबायची. खुंटाला बांधलेल्या होडीचा दोर करकरायचा, बादलीतून थेंब पडायचे, कंगव्याच्या दातांवरून तिचं नख फिरायचं, आणि या सगळ्यांतून ती एकच सूर हळूहळू ओढत न्यायची.

"माणसं तळ्याकाठी विश्रांतीला येतात," आत्याबाई म्हणायच्या. "तू बादल्या वाजवायला आलीस?"

"आत्या, कालच्या तुकड्यात तुझं घोरणंही आलंय."

"माझं? होडी असेल ती!"

"होडी आतल्या खोलीत कशी येईल?"

"मग तूच घोरली असशील. डोळे बघ जरा स्वतःचे."

यात थोडं खरं होतं. पाचव्या दुपारी ती दाराला डोकं टेकून गात होती. सूर बारीक होत गेला आणि थांबला. तिला झोप लागली होती. पुढची चार मिनिटं मी नुसतं पाणी ऐकत राहिलो. जागी झाल्यावर तिने तो तुकडा ऐकला, पुसायला म्हणून बोट बटणावर नेलं आणि मागे घेतलं. "राहू दे," ती म्हणाली. "यातलं हेच सगळ्यात खरं आहे."

नवव्या दिवशी आठ तुकडे झाले होते, एक उरला होता. बाळ झोपलं होतं. आत्याबाई दोरीवरचे कपडे काढायला गेल्या. तिने लाल बटण दाबलं, डोळे मिटले आणि सूर लावला. तेवढ्यात बाळ जागं होऊन रांगत आलं ते थेट पायरीच्या कडेशी. मला धरून ते उभं राहू लागलं. मी कलंडलो. तिने झेप घेऊन बाळाला धरलं. दुसरा हात माझ्यासाठी मोकळा नव्हता, आणि तो नसायलाच हवा होता. मी दोन पायऱ्या खाली आपटलो. झाकण निखळून तळ्यात गेलं.

पण मित्रांनो, माझा कान चालू होता. आपटल्याचा आवाज, तिची किंकाळी, बाळाचं भोकाड आणि लांबून आलेली आत्याबाईंची हाक, सगळं मी टिपलं.

"काय पडलं? कोण पडलं?"

"टेपरेकॉर्डर!"

"मग मेले ओरडतेस काय एवढी! माझा जीव गेला असता!"

मग दोघी हसल्या, हसता हसता ती रडली, आणि बाळ गप्प झालं. तोच नववा तुकडा ठरला.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. घरी परतल्यावर ती कॅसेट घेऊन स्टुडिओत गेली. तिथलं मोठं यंत्र धडधाकट होतं, योग्य वेगाने पळणारं. माझ्या संथ चालीत भरलेला सूर त्या वेगात सापडला आणि चिरकू लागला. दोर चिवचिवला, पाणी धावत सुटलं. "ताई," तो माणूस हसू दाबत म्हणाला, "मुंग्यांची शाळा सुटलीय का हो?"

ती घरी आली आणि तीच कॅसेट माझ्यात घातली. माझ्यात सगळं जागच्या जागी होतं. तिला कळलं. तिने माझी मागची बाजू उघडली, पट्ट्याला बोट लावलं. तो टण्ण वाजला नाही, नुसता लोंबला. मला वाटलं, आता मी फेकला जाणार. तिने मला पुन्हा बंद केलं. "पुन्हा करू कधीतरी," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दवाखाना होता. तसे दहा दिवस तिला पुन्हा मिळाले नाहीत.

मग कपाट. गरम कपडे, डांबराच्या गोळ्या आणि मी. सुरुवातीला घर रिकामं असलं की ती मला बाहेर काढायची. दर खेपेला माझा पट्टा आणखी सैल झालेला असायचा आणि तिचा सूर आणखी खाली आलेला. "माझी पट्टी उतरली," ती पुटपुटायची. पट्टा माझा आणि पट्टी तिची, दोष कोणाचा हे मला सांगता येईना. सगळ्यांचे आवाज काढणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो हो. हळूहळू तिने मला काढणंच सोडलं.

मागच्या महिन्यात कपाटाचं दार उघडलं ते बटणने. बटण आता तीस वर्षांची बाई आहे. "आई, मला तुझा आवाज नीट ऐकायचाय," ती म्हणाली आणि आईला, पोटातल्या कॅसेटसकट मला घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. मेकॅनिक म्हातारा होता, हात स्वच्छ होते. त्याने मला उघडलं.

"पट्टा गेलाय. नवा टाकतो, दहा मिनिटांचं काम."

नवा पट्टा म्हणजे मी पुन्हा जवान, आणि तिचा सूर कायमचा मुंग्यांच्या शाळेत! बटणची आई बाकावर बसली होती.

"आधी एकदा लावून दाखवा ना," बटण म्हणाली.

त्याने कळ दाबली. मी जीव एकवटून फिरू लागलो. दोर जड करकरला, थेंब एकेक करून पडले, आणि त्यांतून तिचा सूर आला, खोल, जाड, दमलेला.

मेकॅनिकने मान हलवली. "आजारी आहे हो हा."

तेव्हा बाकावरून तोच सूर आला. ती गात होती, साठीच्या आवाजात. इतक्या वर्षांत तिचा आवाजही माझ्यासारखाच खाली उतरला होता, आणि दोन्ही सूर एकमेकांवर असे बसले की मला कळेना, मी कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते. बटण उभीच राहिली. पाचव्या तुकड्यात आतला सूर झोपी गेला, तेव्हा बाहेरचा थांबला नाही. पुढची चार मिनिटं पाण्यावर ती एकटीच गायली. राहिलेलं तिने पुरं केलं.

"पट्टा बदलू नका," ती म्हणाली.

"अगं आई, मी मोबाईलवर घेऊन वेग ठीक करून देते ना."

"कर की. पण याच्या पोटाला हात नको."

मेकॅनिक चक्रावला. "मग मी दुरुस्त काय करू?"

"झाकण बसवा. ते हिने तोडलंय."

आता मी तिच्या ओट्याशेजारच्या फळीवर असतो, दुसऱ्याच कोणाचं झाकण लावून. ते किंचित पिवळं आहे. आठवड्यातून एकदा ती मला लावते आणि काम करता करता माझ्याबरोबर गाते. पट्टा फार दिवसांचा सोबती नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी जुनं असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. दिसलं की लगेच दुरुस्त करायला धावू नका, आणि टाकूही नका. आधी एकदा लावून बघा, शेवटपर्यंत ऐका. त्याला जरा वेळ लागेल. तुम्ही तेवढं थांबा.