पेनाचं टोपण

रंगांच्या दुकानात तिला सगळे शेडताई म्हणत. दोन पांढऱ्या रंगांपुढे डोकं धरून बसलेल्या गिऱ्हाइकाला ती एका वाक्यात मोकळं करायची, "हा घ्या, डोळे मिटून घ्या." बैठकीच्या खोलीवरून नवरा-बायकोची जुंपली, तर ही मध्ये पडून तिसराच रंग त्यांच्या गळ्यात मारायची, आणि दोघंही खूश होऊन जायची. अशा बाईपुढे संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी तीन पर्याय ठेवले, "आता तुम्हीच ठरवा" म्हणाल्या, आणि शेडताईची मतीच गुंग झाली.

गोळ्या वर्षभर खाऊन झाल्या होत्या. तरी सकाळी मूठ वळत नव्हती, आणि दुकानात डब्याचं झाकण उचकटायला दुसऱ्याला हाक मारावी लागत होती. आता बायोलॉजिक नावाचं औषध सुरू करायचं, एवढं नक्की होतं.

"एक पेन आहे, म्हणजे पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, पंधरा दिवसांनी एकदा. एक साधी सिरिंज, दर आठवड्याला. ही दोन्ही घरी स्वतः टोचायची. नाहीतर दोन महिन्यांनी इथे येऊन सलाइनमधून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुण साधारण सारखाच."

"मग फरक काय?"

"तुमच्या सोयीचा."

"तुम्ही कुठलं घेतलं असतं?"

"मला हा आजार नाही ना," त्या हसून म्हणाल्या. मग हसू आवरून त्यांनी सांगितलं, "फक्त फार वेळ लावू नका. सूज राहिली की सांधा झिजतो, आणि झिजलेला परत येत नाही."

सोय म्हणे! आजारपणात कसली आलीय सोय, असं पुटपुटत ती घरी आली.

घरी नवऱ्याने मोबाइलवर वाचनाचा सपाटा लावला. सोमवारी त्याला सिरिंज पटली, मंगळवारी सलाइन. बुधवारी "या औषधाने इन्फेक्शन पटकन होतं म्हणे" असं सांगून तो कामावर निघून गेला, आणि ती दिवसभर स्वतःचं कपाळ चाचपत बसली.

त्यांच्याकडेच राहणाऱ्या आईचं मत मात्र एकच होतं. "काही टोचून घेऊ नकोस. मी नाही का दिवस काढले?"

आईलाही हाच आजार. बोटं करंगळीकडे कललेली, टोकाला आकड्यासारखी वळलेली, चहाचा कप धरायचा तो दोन्ही तळव्यांत. जिने सगळं भोगलं तीच नको म्हणतेय, तर ऐकायचं कोणाचं? आई आपल्या बाजूने आहे की आजाराच्या, हेच शेडताईला कळेना.

शेवटी तिने पेन घेतलं. निवडलं म्हणायला जीभ रेटत नाही. सलाइनसाठी मालक रजा द्यायला कुरकुरत होता, सिरिंजची सुई दिसत होती आणि पेनाची दिसत नव्हती, एवढंच. नर्सने रबराच्या गादीवर टोचायला शिकवलं, तेव्हा सगळं सोपं वाटलं. घरी आल्यावर पेन फ्रिजमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. एका रविवारी तिला सर्दी झाल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी सर्दी नव्हती, पण होईल असं वाटलं.

तिसऱ्या रविवारी ब्रशवर पेस्ट काढताना ट्यूब हातातून निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. तेव्हा ती घाबरली. नवरा बाहेर गेला होता. तिने पेन फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलं, त्याचा गारवा जाईपर्यंत वाट बघितली, मांडी पुसली, आणि टोपण ओढलं. निघेना. फडक्यात धरून ओढलं, गुडघ्यांत दाबून ओढलं. बोटांतून कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"हात दुखणाऱ्यांचं औषध, आणि उघडायला धडधाकट हात हवेत!" ती ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली.

आई दारात उभी होती. "आण इकडे."

"तुला कसं जमेल?"

"माझी बोटं दुखत नाहीत गं आता. नुसती वाकडी आहेत."

टोपणाला छोटी कडी होती. आईने आपलं वळलेलं बोट त्या कडीत अडकवलं, "घट्ट धर" म्हणाली, आणि हिसका दिला. टोपण निघालं.

शेडताईने पेन मांडीवर टेकवून दाबलं. टक झालं. मग पुन्हा टक झालं. पेनावरची छोटी खिडकी पिवळी झाली. पेन उचललं तर कातडीवर एक थेंब.

"गेलं का गं सगळं?"

"मला काय विचारतेस? मी कुठे घेतलंय कधी!" आई म्हणाली. मग हळूच विचारलं, "दुखलं?"

"मुंगी चावल्यासारखं. खिडकी पिवळी झाली की गेलं, असं नर्स म्हणाली होती. पण हा थेंब..."

आईचं लक्ष थेंबाकडे नव्हतंच. ती रिकाम्या पेनाकडे बघत होती. "एवढंच असतं?"

"एवढंच. तू उगाच नको नको म्हणत होतीस."

आई खुर्चीत बसली. "तुला याने बरं वाटलं, तर माझे हात फुकटच गेले ना गं."

औषध लागू पडावं की पडू नये, हेच दुकानात कशालाही उत्तर देणाऱ्या शेडताईला क्षणभर कळेना. ती आईचे हात धरून रडायला लागली, तशी आई खेकसली, "रडतेस काय? आधी बरी हो. माझ्या हातांचं रडायला मी आहे."