दहापैकी नऊ

मी एक पेटी आहे. बाहेरून पाहिलंत तर शिवणकामाची वाटेन. आत फोमचा जाड तुकडा, त्याला दहा भोकं, भोकांत बोटाएवढ्या दहा तपकिरी बाटल्या. प्रत्येक बाटलीत कापसाचा बोळा आणि बोळ्यात एक वास. लवंग, कापूर, मोगरा, लिंबू, रॉकेल, सुकट, केळं, हिंग, कॉफी, साबण. निदान सुरुवातीला तरी हा क्रम असाच होता. आता कुठल्या बाटलीत काय आहे, ते मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माझा जन्म परळमधल्या एका संशोधन संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर झाला. तिथले सर मेंदूच्या आजारांवर काम करतात. काही आजारांत माणसाचा हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याचं नाक मंद होतं, असं जगभरचे संशोधक सांगतात. म्हणजे नाक तपासलं तर आजाराची चाहूल लवकर लागू शकेल. मला जेवढं कळलं ते कपाटात बसून ऐकलेलं. चुकीचं समजले असेन तर सांभाळून घ्या.

आधी सरांनी परदेशातून एक पेटी मागवली होती. तिच्यातले निम्मे वास परळमध्ये कोणालाच ओळखता आले नाहीत, खुद्द सरांनाही नाही. म्हणून मग मी बनले. 'हे वास आपल्या घरातले आहेत,' असं सर म्हणाले, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. तो नको होता वाटायला, असं आता वाटतं.

मला घेऊन हिंडायचं काम चैत्रालीकडे आलं. ती सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. समोरच्या माणसाला एकेक बाटली हुंगायला द्यायची आणि चित्रांच्या तक्त्यावर त्याने बोट ठेवलं की नोंद करायची. माझ्या झाकणाच्या आतून एक सूचना चिकटवलेली होती: प्रत्येक व्यक्तीसाठी बाटल्यांचा क्रम बदलावा. पहिले दोन दिवस चैत्रालीने तो बदलला. पण दिवसाला चाळीस माणसं, भोकांवर एक ते दहा आकडे, कागदावरही एक ते दहा ओळी. तिसऱ्या दिवसापासून एक नंबरला लवंग ती लवंगच राहिली. तिला एकटीलाच कसा दोष देऊ? क्रमात बसायला मलाही बरं वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात आम्ही नायगावच्या एका चाळीत गेलो. तळमजल्यावर मंडळाची खोली होती, तिच्यात टेबल मांडलं. बाहेर पटांगणात धोतरांवर मिरच्या वाळत पडल्या होत्या. त्या तुळसाबाईंच्या होत्या. तुळसाबाई मूळ मालवणकडच्या, गिरणीकामगाराच्या विधवा, वय पासष्ट-सहासष्ट. दर उन्हाळ्यात त्या नायगावपासून लालबागपर्यंतच्या घरांचे मसाले भाजून द्यायच्या. कुटायला लालबागला जायचं, पण भाजायला तुळसाबाईंकडेच यायचं. धणे कधी उतरवायचे, दगडफुलाला किती आच द्यायची, ते त्या नाकाने ठरवतात, असं सगळे सांगायचे.

त्यांच्या आधी नंबर होता शेजारच्या कमळाबाईंचा. कमळाबाईंनी दहापैकी नऊ वास ओळखले. फक्त आठव्या बाटलीतल्या हिंगाला त्यांनी लसूण ठरवलं. त्या उठून दारापाशी गेल्या आणि तेवढ्यात चैत्रालीचा फोन वाजला. ती खिडकीकडे वळली. मी टेबलाच्या कडेला उघडी पडले होते आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर तुळसाबाई बसल्या होत्या.

"काय करूक लावतत गे?" तुळसाबाईंनी विचारलं.

"दहा बाटल्यो हुंगूच्यो नि चित्रार बोट ठेवूचा. तुका काय कठीण? तुझा नाक म्हणजे..."

"कमळे, सगळो क्रम सांग."

"कशाक गे?"

"सांग म्हणतंय ना." तुळसाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "माका वास येणा नाय. वरीस झाला. कोणाक बोलू नको, बाय. नाक गेला म्हणून कळला तर मसालो कोण देतला माका?"

तुळसाबाईंचा हात हातात घेऊन कमळाबाई बोटांच्या पेरांवर मोजत गेल्या. लवंग, कापूर, मोगरा, लिंबू. माझ्या पोटातलं गुपित माझ्याच कानांवर पडत होतं. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते का? त्या दोघींचे हात पाहून कदाचित गप्पच बसले असते.

तुळसाबाई आत आल्या. डोळे मिटून, सावकाश, एखाद्या जाणकाराच्या थाटात हुंगू लागल्या. पहिल्याच बाटलीला म्हणाल्या, "लवंग. पण जुनी हा गो, तेल उडालाहा." चैत्राली हसली. आठव्या बाटलीला त्यांनी लसणीवर बोट ठेवलं. आयुष्यभर मसाले भाजलेली बाई हिंगाला लसूण म्हणाली आणि चैत्रालीने त्या ओळीवर नुसती काट मारली.

ज्यांना पाचपेक्षा कमी वास ओळखता आले, त्यांना दरवर्षी मेंदूविकाराच्या डॉक्टरांची तपासणी मिळणार होती. त्या चाळीत अशी अकरा माणसं निघाली. तुळसाबाई गेल्या निरोगी गटात. संस्थेच्या शिक्क्याचं एक आभारपत्र त्यांना मिळालं, त्यावर लिहिलं होतं: वास-चाचणी, दहापैकी नऊ. दोघी मैत्रिणी हसत हसत जिना चढून गेल्या.

पुढची तीन वर्षं मी लालबाग, ठाकूरद्वार, दादर अशी फिरले. माझे बोळे अनेकदा बदलले. मग सरांना केव्हातरी झाकणाखालची सूचना आठवली असावी. त्यांनी बाटल्या नव्याने भरल्या आणि नंबर सगळे उलटसुलट करून टाकले. आता पहिल्या भोकात सुकट होती.

दुसऱ्या फेरीत त्याच माणसांना पुन्हा तपासायला आम्हाला घरोघर जायचं होतं. तुळसाबाईंच्या खोलीचं दार त्यांच्या सुनेने, अक्षताने उघडलं. ती ऑफिसला निघायच्या घाईत होती. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, ओट्याखाली मोठी कढई पालथी घातलेली. भिंतीवर कॅलेंडरशेजारी ते आभारपत्र प्लास्टिकमध्ये घालून लावलेलं. खाली खुर्चीत तुळसाबाई. त्यांचा चेहरा कोणीतरी इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, अखंड, मिठाची चिमूट सोडावी तसा.

"बरं झालं मॅडम, तुम्हीच आलात," अक्षता म्हणाली. "आता तुम्हीच सांगा यांना. हात हलतो, पाय जड झालाय, बटण लावता येत नाही. आणि हे सगळं कधी, तर मी ऑफिसातून आले की. यांचा मुलगा, निलेश म्हणाला डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, हा कागद वाच आधी. यांच्या मेंदूची तपासणी झालीय, दहापैकी नऊ! फिट माणसाला कशाला डॉक्टर?"

कागदावर मेंदूबद्दल एक अक्षरही नव्हतं. चैत्राली ते सांगायला गेली, पण अक्षता थांबत नव्हती.

"गेल्या मे महिन्यात नऊ किलो मिरची जाळली यांनी. अख्खा मजला खोकत होता, आणि ह्या आपल्या उलथणं फिरवतायत. मुद्दाम. का, तर मी म्हटलं होतं, आता पुरे करा."

"मुद्दाम नाय गो," तुळसाबाई पुटपुटल्या.

"काय? मोठ्याने बोला ना, आई. बघा मॅडम, आवाजसुद्धा आता असाच काढतात."

चैत्रालीने मला उघडलं आणि पहिली बाटली तुळसाबाईंच्या नाकाखाली धरली. त्यांनी डोळे मिटले. सुकटीचा वास दारापर्यंत पोचला होता, अक्षताने नाक मुरडलं.

"लवंग," तुळसाबाई म्हणाल्या. "पण जुनी हा गो, तेल उडालाहा."

दुसरी बाटली कॉफीची. "कापूर." तिसरी लिंबाची. "मोगरो." चैत्रालीचं पेन थांबलं. तरी ती पुढची, मग त्याच्या पुढची बाटली देत राहिली. आठव्या बाटलीला, त्यात केळं होतं, तुळसाबाईंचं थरथरतं बोट बरोबर लसणीवर जाऊन टेकलं. तीन वर्षांत त्यांचं चालणं गेलं होतं, आवाज गेला होता, पण कमळाबाईंनी पेरांवर मोजून दिलेली यादी, चुकीसकट, जशीच्या तशी होती.

चैत्रालीने टॅबवर जुनी नोंद काढली. मग तिच्या वरची, कमळाबाईंची. तिचे कान लाल झाले.

"आजी, जरा गॅलरीत येता का? दोघीच बोलू."

तुळसाबाई कशाबशा उठल्या. उंबऱ्याशी आल्या आणि त्यांचे पाय जमिनीला खिळले. पुढचं पाऊल उचलेच ना. चैत्राली हे लक्षण ओळखून होती, तिने त्यांना कमरेला धरलं.

"चालू झालं नाटक," अक्षता म्हणाली.

त्यामुळे जे बोलायचं ते अक्षतासमोरच बोलावं लागलं. चैत्रालीने विचारलं, "आजी, खरं सांगा. वास येतो?"

तुळसाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग त्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते. वास येतो म्हणाल्या तर आजार खोटा. नाही म्हणाल्या तर सगळं आयुष्यच खोटं.

"नाय," त्या म्हणाल्या. "चार वरसां झाली. धणे तडतडतत तो आवाज आयकतंय. मिरचेचो रंग बघतंय. मोतीबिंदू झालो, मगे रंग चुकलो."

चैत्राली भराभर समजावू लागली. वास जाणं म्हणजे आजारच असं नसतं, वयाने जातो, तापानेही जातो. पण वास गेलाय, हात हलतोय, पाय अडतोय, हे सगळं एकत्र असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना आजच दाखवायला हवं. गोळ्या आहेत. व्यायाम आहे. तेव्हाच कळलं असतं तर तीन वर्षं...

अक्षता हे ऐकतच नव्हती. तिच्या कानांत एकच गोष्ट अडकली होती. "म्हणजे खोटं बोललात? तीन वर्षं मी लोकांना हा कागद दाखवत फिरले, आणि तुम्ही कॉपी करून पास झालात?"

तिने माझ्यातली एक बाटली उपसली आणि सासूच्या नाकाशी धरली. "हे काय आहे, सांगा." तुळसाबाईंनी तोंड फिरवलं. "सांगा ना. आणि हे?" दुसरी बाटली. "हे तरी?" तिसरी. आजार कळावा म्हणून मला बनवलं होतं आणि एका बाईच्या हातात मी काठीसारखी चालत होते. तुळसाबाई मागे सरकू शकत नव्हत्या, पाय अजून उंबऱ्याशीच चिकटलेले.

"लवंग," त्या म्हणाल्या. पुढच्या बाटलीलाही "लवंग." त्याच्या पुढच्याही.

चैत्रालीने अक्षताचा हात धरला, झटापटीत रॉकेलची बाटली माझ्यावर उपडी झाली. बोळ्यातून निथळलेलं सगळं फोमने पिऊन घेतलं. त्या दिवसापासून माझ्या दहाही बाटल्यांना तोच एक वास येतो.

परळला परतल्यावर सरांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. रात्रभर झोप लागली नाही, असं ते सकाळी म्हणाले. एकीने दुसरीला सांगितलं, तर दुसरीने तिसरीला कशावरून नाही? शेवटी त्यांनी त्या चाळीची सगळी एक्क्याण्णव नावं अभ्यासातून काढून टाकली.

"सर, आणि ती अकरा माणसं?" चैत्रालीने विचारलं. "त्यांची तपासणी?"

"ती अभ्यासातल्या लोकांसाठी आहे," सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी चुकत असेन. पण शोधनिबंधात लिहू काय?"

ज्यांनी प्रामाणिकपणे 'ओळखता येत नाही' म्हणून सांगितलं होतं, त्या अकरा जणांना तपासणी बंद झाल्याचं पत्र गेलं.

पंधरा दिवसांनी कमळाबाई संस्थेत आल्या. मी टेबलावरच होते, टाकून द्यायच्या सामानात. कमळाबाई उभ्याच राहिल्या.

"चूक माझी," त्या चैत्रालीला म्हणाल्या. "माका काय ती शिक्षा करा. त्या अकरा जणांक कित्याक?"

तुळसाबाई कशा आहेत, एवढंच चैत्रालीने विचारलं.

गोळ्या सुरू झाल्या होत्या. हात थोडा थांबला होता. भाजणं आता ऑफिस सांभाळून अक्षता करत होती, तुळसाबाई बाजूला खुर्चीत. पण गोष्ट चाळभर झाली होती. मसाला घेऊन येणाऱ्या बायका पिशवीतलं काहीतरी काढून त्यांच्या नाकाशी धरत. 'मावशी, ह्या काय?' पोरंही शिकली होती. एकाने परवा चप्पल धरली. सगळ्या हसल्या. अक्षताही हसली.

"मग?" चैत्रालीने विचारलं.

"मग काय. मी तिच्या मागे उभी ऱ्हवतंय." कमळाबाईंनी डावा हात वर केला आणि हवेतच कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा धरला. "मिरचेक एक बोट दाबतंय, धण्यांक दोन. ती सांगता बरोबर. काल सात जणींक गप केल्यान."

"कमळाबाई, त्यानेच तर हे सगळं..."

"ठाव हा माका," कमळाबाई म्हणाल्या. "पण चप्पल धरल्यानी गो."

त्या गेल्यावर चैत्रालीने माझं झाकण लावलं. ते नीट बसत नाही आता. उद्या कचऱ्याची गाडी येईल. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. मला टाकण्याआधी बाटल्या उघडून, धुऊन, फोडून टाका. एखादी शाबूत राहिली तर कोणीतरी ती उचलेल आणि घरी जाऊन कोणाच्या तरी नाकाशी धरेल.