सांगायची परवानगी

दीपमाला ओव्हाळ तीस वर्षं एकाच अभ्यासात काम करत होती. वाघोली आणि आसपासच्या गावांतल्या गरोदर बायका काय खातात, त्यांची बाळं किती वजनाची जन्मतात आणि पुढे मोठेपणी त्यांना साखरेचा आजार होतो का, हे त्या अभ्यासात बघायचं होतं. काम सुरू झालं तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि पिशवीत वजनकाटा घालून सायकलवर फिरायची. आता वाघोलीत बारा-बारा मजले चढले होते. तेव्हाची बाळं तिशीला आली होती. दर काही वर्षांनी त्यांना आणि त्यांच्या आयांना नारायण पेठेतल्या केंद्रात तपासणीला बोलवायचं काम अजून तिच्याकडेच होतं.

यंदा यादीत गोदाबाई होत्या. नवरा कचरू वारल्यावर त्या भावाकडे राहायला गेल्या होत्या. पत्ता विचारत विचारत दीपमाला मार्केट यार्डात पोचली, तेव्हा त्या एका गाळ्यासमोर बसून कांदा निवडत होत्या.

"दीपाताई!" त्यांनी पदराला हात पुसले. "अजून हायेच का तुमचं ते वजनाचं काम?"

दीपमालानं तपासणीची माहिती सांगितली. उपाशीपोटी यायचं, एकदा रक्त द्यायचं, मग साखरेचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. गोदाबाई मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"ताई, शालू येती का वं तुमच्याकडं?"

शालू म्हणजे गोदाबाईंची मुलगी, याच अभ्यासातलं एक बाळ. अकरा वर्षांपूर्वी शालूनं घरच्यांच्या मनाविरुद्ध, दुसऱ्या जातीतल्या समर्थशी लग्न केलं होतं. कचरूनं सगळ्या गावादेखत सांगितलं होतं, माझी मुलगी मेली. तिचे फोटोही त्यानं चुलीत घातले. शालू मात्र प्रत्येक तपासणीला येत होती. तिचा पत्ता आत्ताही दीपमालाच्या फायलीत होता.

"एकाची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही, गोदाबाई. आईलासुद्धा नाही."

"पत्ता नका सांगू. जाड झाली का वाळली, एवढंच सांगा."

"तेही नाही सांगता येत."

गोदाबाईंनी एक कांदा उचलला, उलटासुलटा केला आणि चांगला असूनही खराबात टाकला. "मग तुमची गाठ पडली तर तिला म्हणावं, आई इचारत व्हती. तेवढं तरी चालतंय का?"

दीपमालानं केंद्रात येऊन डॉक्टर नीरजांना विचारलं. त्या अभ्यासाच्या प्रमुख होत्या.

"दीपमाला, आपण हरवलेल्यांचा शोध घेणारं खातं कधी उघडलं?" नीरजा चष्मा काढत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "निरोप द्या. ती नको म्हणाली तर तिथंच थांबा. आणि ती सांगा म्हणेल तेवढंच आईला सांगायचं, त्यापुढे एक शब्द नाही."

शालू कात्रजला दोन खोल्यांत राहत होती. दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर तीन महिन्यांची मुलगी होती. दीपमालाला हे माहीतच नव्हतं.

"दोन गेली, मावशी. ही तिसरी," शालू म्हणाली. "दोन किलो नऊशेची झाली."

दीपमालानं बाळाला मांडीवर घेतलं. बाळ जड लागलं. मग तिनं निरोप सांगितला.

शालू बराच वेळ दुपट्याच्या घड्या घालत राहिली. "बाबांचं सोडा, ते तसेच होते. पण त्या दिवशी मी बाहेर होते आणि आई बंद दाराच्या आत उभी होती. मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. एका शब्दानं बोलली नाही ती." तिनं घातलेली घडी पुन्हा उलगडली. "दोन्ही वेळा दवाखान्यात मी एकटीच पडून होते. समर्थ होता, पण आई ती आई. कशी आहे ती?"

"तेही मला सांगता येत नाही गं. तिनं फक्त निरोप द्यायला सांगितलंय."

शालू रडता रडता हसली. "धन्य तुमचे नियम." दीपमाला निघाली तेव्हा तिनं मागोमाग येऊन तिला जिन्यात गाठलं. "तिला सांगा, मुलगी झाली म्हणून. वजनही सांगा. पत्ता नको."

दुसऱ्या दिवशी दीपमालानं मार्केट यार्डात जाऊन ते सांगितलं. गोदाबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. हमाल पोती घेऊन बाजूनं जात होते, "सरका, सरका" म्हणत होते, पण त्या हलल्या नाहीत.

"शालू झाली तवा दोनाच्या आत व्हती ना?"

"एक किलो नऊशे पन्नास."

"मी खाल्लंच न्हवतं काही. ही बरी भरली." मग त्यांनी डोळे पुसले. "माझी तपासणी कवा हाय ते तिला कळवा. माझी परवानगी हाय, लिहून घ्या पायजे तर."

दीपमालानं शालूला तारीख कळवली. तिनं निरोप वाचला, उत्तर दिलं नाही.

गुरुवारी गोदाबाई सातलाच केंद्रात आल्या. अंगावर नवं लुगडं आणि हातात अळिवाच्या लाडवांचा डबा होता. त्यांचं पहिलं रक्त घेतलं. साखरेचं पाणी पिऊन त्या दाराकडे तोंड करून बसल्या. कोणाचीही चप्पल वाजली की उठत. दोन तासांनी दुसरं रक्त झालं. उपमा आला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"खाऊन घ्या, गोदाबाई. चक्कर येईल."

"ती आल्यावर खाती."

अकरा वाजले. साडेअकरा झाले. केंद्र रिकामं झालं. तेवढ्यात दीपमालाचा फोन वाजला.

"मावशी, मी स्वारगेटपर्यंत आले होते," शालू म्हणाली. "धीर होईना, परत फिरले. आत्ता घरी पोचलेय. ती गेली का?"

दीपमालानं गोदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी काही न विचारता, सांगा म्हणून मान हलवली.

"बसलीये. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. फोन देऊ?"

पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग हळूच ऐकू आलं, "द्या."

गोदाबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आई," शालू म्हणाली.

"हां." गोदाबाईंनी फोन आणखी घट्ट धरला. "मी तवा बोलाया पायजे व्हतं गं. दार उघडाया पायजे व्हतं."

शालू येईन असं म्हणाली नाही. इतक्यात पलीकडे बाळ रडायला लागलं, बारीक आणि चिडून, आणि शालू घाईनं म्हणाली, "भूक लागलीये तिला, ठेवते."

"पाज तिला आदी," गोदाबाई म्हणाल्या. "फोन मातर बंद करू नगंस. बाजूला ठिव. मी ऐकती."

शालूनं फोन चालू ठेवला. दीपमालानं खिडकी लावून घेतली, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून.