एका वाक्याला एक वस्तू

पद्मिनीनं थाप मारली तेव्हा तिच्या एका हातात वजनकाटा होता, दुसऱ्यात मेतकुटाची पिशवी, आणि स्पीकरवर मॉरिशस.

मॉरिशस म्हणजे रघुनाथकाका. पाच पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज कोकणातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर कामाला गेले. चार वर्षांपूर्वी काका मूळ गाव शोधत चिपळूणला आले, पद्मिनीच्या माहेरी उतरले आणि तिच्या आईच्या हातची आंबोळी खाऊन ढसाढसा रडले. आता पद्मिनी, तिचे यजमान कर्नल नंदकुमार आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी ओजस्विनी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघाले होते, ते काकांच्याच बेटावर. काकांनी जेवायला बोलावलं होतं.

"घरात आम्ही इथली क्रिओल भाषाच बोलतो गं," काका म्हणाले. "मराठी शाळेपुरती उरली. माझा नातू अंशुमन तर तोंडच उघडत नाही. तुझी मुलगी त्याच्याशी बोलली तर त्याला हुरूप येईल. ती बोलते ना?"

"ओजू? अहो काका, ती स्वप्नंसुद्धा मराठीत बघते!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबांच्या लष्करी बदल्यांमुळे ओजस्विनीचा जन्म पठाणकोटचा, शाळा जोधपूरची आणि मग चंडीमंदिरच्या छावणीतली. मराठी तिला सगळी कळायची, विशेषतः तिच्याविषयी बोललेली. उत्तर मात्र हिंदीत. आताही ती पलंगावरून म्हणाली, "मम्मी, आप झूठ क्यों बोल रहे हो?" पद्मिनीनं घाईघाईनं फोनवर हात दाबला.

मुलांची ओळख व्हावी म्हणून काकांनी पुढच्याच रविवारी व्हिडिओ कॉल ठरवून टाकला.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" नंदकुमार म्हणाले. "तूच दिवसभर तिला 'बेटा, दूध खत्म करो' करत असतेस."

पद्मिनीला हे लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. काकांच्या घरानं समुद्रापार पाच पिढ्या जे कसंबसं धरून ठेवलं, ते आपण रेल्वेनं दोन दिवसांच्या अंतरावर, एका पिढीत सांडून बसलो. काका रागावले असते तर परवडलं असतं. पण ते काहीच बोलणार नाहीत, नुसते गप्प होतील, आणि तेच तिला बघवणार नव्हतं.

मुलीनं आईचा चेहरा बघितला आणि अडला हरी ओळखला.

"डील करते हैं. एक सेंटेंस, एक चीज़. आपकी एक बैग से बाहर, मेरी एक अंदर."

बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा होती आणि पद्मिनीनं त्यातले अकरा किलो खाऊनं भरले होते. 'माझं नाव ओजस्विनी' म्हणताना मेतकूट बाहेर गेलं आणि पाण्यात घालायचा चष्मा आत आला. 'मी पाचवीत शिकते' या वाक्यात थालीपिठाची भाजणी गेली. 'मला मासे आवडतात' याला तिनं दोन वस्तू मागितल्या, कारण तिला मासे आवडत नव्हते आणि खोट्याचा दर वेगळा होता. लसणाची चटणी आणि छत्री एकदमच गेल्या.

शुक्रवारी गाडं अडलं. सेक्टर बावीसच्या बाजारातून ओजस्विनीनं एक फुगवायचं बदक आणलं होतं, चांगलं मोठं. बदल्यात पैठणी काढा, असं तिचं म्हणणं.

"पैठणी सोडून काय वाट्टेल ते माग," पद्मिनी म्हणाली. काकांच्या घरी जेवायला ती तीच नेसणार होती. बदक बाहेरच राहिलं.

रविवारी सकाळी फोन डब्यांच्या चळतीला टेकवून उभा केला. ओजस्विनी समोर बसली. फोनच्या मागे पद्मिनी उकिडवी, हातात मोठ्या अक्षरांतले पुठ्ठे. पहिली दोन वाक्यं झाली, माशांचं झालं. पलीकडे काकांनी डोळे पुसले. पद्मिनीची छाती दोन इंच फुगली.

मग अंशुमन बोलला. "माझे नाव अंशुमन आहे. मला समुद्र आवडतो. आपला प्रवास सुखाचा होवो." सगळं एका श्वासात, नजर फोनच्या जरा वर.

ओजस्विनीनं डोळे बारीक केले. अशा नजरेची तिला आठवडाभराची सवय होती. "मम्मी, ये पढ़ रहा है!"

अंशुमननं नुसतं बोट उचललं आणि तिच्या पाठीमागे रोखलं. तिच्या पाठीमागे कपाटाचा आरसा होता. आरशात पद्मिनी अख्खी दिसत होती, पुठ्ठ्यासकट, दातांत केसांची पिन धरलेली.

धरणीनं पोटात घेतलं असतं तर पद्मिनी आनंदानं गेली असती. काका खरंच गप्प झाले. तेवढ्यात तिकडचा फोन हलला आणि त्याच्यामागून काकांच्या पत्नी, यमुनाकाकू, ओशाळं हसत पुढे आल्या. त्यांच्याही हातात पुठ्ठा होता.

"महिनाभर घोकून घेतोय," काका पुटपुटले. "भारतातून मराठी बोलणारी मुलगी येणार म्हणून."

ओजस्विनी फोनवर वाकली. समोर पुठ्ठा नव्हता.

"तुला एक वाक्यला काय मिळते?"

अंशुमननं विचार केला. "आइस्क्रीम. दोन वाक्ये, एक आइस्क्रीम."

"दोन?" ओजस्विनी हादरलीच. "हे खूप कमी आहे! थांब, मी तुला शिकवते."

आणि तिनं शिकवलं. मोडक्यातोडक्या, लिंगवचनाचा पार चुराडा झालेल्या मराठीत, तब्बल वीस मिनिटं. अडलं की अंशुमन हातवारे करायचा, ती शब्द पुरवायची. पद्मिनी जमिनीवर बसून ऐकत राहिली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं.

कॉल संपल्यावर ती उठली, पैठणी स्वतःच्या हातानं काढून कपाटात ठेवली आणि त्या जागी बदक कोंबलं.

संध्याकाळी नंदकुमारांनी लष्करी शिस्तीत सामानाची शेवटची तपासणी केली. बॅग उघडताच ते थबकले. "पद्मा, हे काय? काढ ते बाहेर."

"बाबा, त्याला हात नाही लावायचा!" ओजस्विनी ओरडली.

मग ती आईकडे वळली आणि हळूच म्हणाली, "ये वाला सेंटेंस फ्री था."